गोंदियाच्या रक्ताची नोंद

सिकलसेलचा विकार गोंदिया जिल्ह्यास नवखा नाही. देवरी, सालेकसाच्या आदिवासी पाड्यांपासून शहरांतील सुशिक्षित कुटुंबांपर्यंत त्याचा वावर आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन असा संकल्प सोडला आहे. तो स्तुत्यच आहे. तथापि, तपासणीने रोगी कोण एवढेच कळते. त्याचे पुढे काय होणार, हे कळत नाही. जनुकातील दोष तोच. पण एक मूल वारंवार वेदनांनी तळमळते, तर दुसरे तारुण्यापर्यंत बरेचसे सुखरूप राहते. असे का व्हावे?

उत्तराचा काही भाग रक्तातील रसायनांत आहे. शरीरात अन्नाचे पचन, ज्वलन आणि घडण चालू असता शेकडो सूक्ष्म द्रव्ये निर्माण होतात. तांबड्या पेशींतील २,३-बीपीजी हे त्यांपैकीच एक. ते वाढले की हिमोग्लोबिन प्राणवायू लवकर सोडते आणि पेशींना विळ्याचा आकार येण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. अशी द्रव्ये हजारो लोकांत एकदम मोजून ज्याला त्याला मानवेल तो उपचार ठरवावा, ही आजच्या वैद्यकाची आकांक्षा आहे.

परंतु मोजमापाची पट्टी कोणाच्या रक्तावरून आखावयाची? ब्रिटनच्या यूके बायोबँकेने ५ लाख स्वयंसेवकांच्या रक्ताचा मोठा संग्रह केला; ते बहुतांशी श्वेतवर्णीय आहेत. त्यांचा आहार निराळा, हवा निराळी, आजारही निराळे. धान पिकविणाऱ्या आणि भातावर जगणाऱ्या गोंदियाला ती पट्टी जशीच्या तशी लागू पडेल, असे गृहीत धरणे आम्हांस धोक्याचे वाटते.

येथे नोंद करणेही सोपे नाही. काढलेले रक्त तसेच राहिले, तर त्यातील पेशी साखर खातच राहतात आणि लॅक्टेट वाढत जाते. वैशाखाच्या उन्हात दुर्गम गावातून निघालेला नमुना रस्त्यातच खोटी साक्ष देऊ लागेल. म्हणून रक्त वेळीच थंड करण्याची व रक्तद्रव वेगळा करण्याची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रातच हवी. २०१६ साली सुरू झालेल्या गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने या कामी पुढाकार घ्यावा.

मात्र संशोधनाच्या नावाखाली आजचे औषध थांबता कामा नये. हायड्रॉक्सीयुरिया आज उपलब्ध आहे. ते गरजू रुग्णाच्या हाती नियमित पडणे, हे पहिले कर्तव्य होय. आणि ज्याचे रक्त घ्यावयाचे त्याची संमती त्याच्या भाषेत घ्यावी, निष्कर्षही त्याच भाषेत त्याला सांगावा. रक्त देणारा केवळ नमुना ठरू नये. पहिला लाभ त्याचाच असावा.