६१७४ : चमत्कार किती, गणित किती

देवगाव फाट्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीची पाटी पाहा. एमएच २२ आणि पुढची अक्षरं सोडा, शेवटचे चार अंक घ्या. ते उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, उत्तराला पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि तिथेच ठाण मांडतं, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी हे १९४९ मध्ये शोधलं.

‘कुठलीही चार अंकी संख्या चालते’ असं सांगितलं जातं, ते खरं नाही. चारही अंक सारखे नकोत. हौसेने जादा पैसे मोजून घेतलेला ७७७७ पहिल्याच वजाबाकीत शून्य होतो.

याच्या उलट, २१११ पाशी नियम मोडतो असंही काही जण म्हणतात : २१११ वजा १११२ म्हणजे ९९९, आणि ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य. इथे खाल्लं गेलंय ते पुढचं शून्य. उत्तर ०९९९ असंच लिहायचं, पाटीवर ०००७ लिहितात तसं. मग ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४.

अंकज्योतिषवाल्यांना यात गूढ शक्ती दिसते. खरं तर पहिल्या वजाबाकीचं उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक ९९९ ने गुणा, उरलेल्या दोन अंकांतला फरक ९० ने गुणा, बेरीज करा, झालं. पहिला फरक १ ते ९ मधला, दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याएवढा. म्हणजे शक्य उत्तरं फक्त ५४. चालू शकणाऱ्या ९,९९० पाट्या एका फटक्यात या ५४ घरांत येऊन बसतात. इतक्या थोड्या घरांत फिरायचं तर कधीतरी जुन्याच घरात परतणं आलंच. नवल एवढंच, की सगळ्या वाटा एकाच घरी जातात, आणि हे ५४ उत्तरं तपासूनच कळतं. दोन अंकांत तसं होत नाही : ९, ८१, ६३, २७, ४५, पुन्हा ९. तीन अंकांत ४९५ मिळतं. पाच अंकांत अशी एकही संख्या नाही.

शिवाय हा गुण दशमान लेखनाचा आहे. ६१७४ म्हणजे २ × ३² × ७³, हे कुठल्याही पद्धतीत खरं. पण हीच संख्या अष्टमान पद्धतीत १४०३६ अशी लिहितात. अंकच पाच झाले, तर चार अंकांचा खेळ कुठून येणार?

कापरेकर स्थिरांक, म्हणजे ६१७४, आणि कापरेकर संख्या यांचीही गल्लत होते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ बरोबर ४५. ही कापरेकर संख्या. ७०३ सुद्धा : वर्ग ४९४२०९, आणि ४९४ अधिक २०९. ६१७४ मात्र या कसोटीला उतरत नाही. वर्ग ३८११८२७६, बेरीज १२०८७.

राहिला ‘अडाणी मास्तर’ हा समज. कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिकाचे मानकरी, मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. जगभर नाव झालं ते गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये लिहिल्यावर, निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी. कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५. त्याला सातही वजाबाक्या लागतात : ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४.