स्वतःचा श्वास मोजताना

डॉक्टर आणि ताणतणाव या विषयावर स्मरणिकेसाठी लिहावे, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया नकाराचीच होती. बालरोगतज्ज्ञाने खोकला, लसीकरण, वाढीचा तक्ता यांवर लिहावे. मनःस्वास्थ्यावर लिहिण्याचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञ मित्रांचा. परंतु विचार करता जाणवले, की या विषयातला माझा अनुभव तज्ज्ञाचा नसला तरी रुग्णाचा निश्चित आहे. शिवाय एका चुकीचाही आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्हा बालरोगतज्ज्ञांचे बरेचसे निदान श्वास मोजण्यातच दडलेले असते. बाळ शांत असताना झबले वर सारून, घड्याळावर नजर ठेवून, पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाची हालचाल मोजायची. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरले, तर सावध व्हायचे. पंचवीस-तीस वर्षांत असे किती श्वास मोजले असतील, याची गणती नाही. स्वतःचे मात्र एकदाही मोजले नव्हते.

तो योग २०१३ सालच्या पावसाळ्यात आला. बडोद्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले होते. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी बाहेरचा बाक रिकामा होत नव्हता. एका तरुण आईने एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, "डॉक्टर, ताप पुन्हा चढला तर?" आणि मी तिच्यावर ओरडलो. शब्द आठवत नाहीत. तिच्या कडेवरचे मूल दचकून रडू लागले, एवढे आठवते. ती निमूटपणे कागद उचलून गेली. माझ्याकडे अनेक वर्षे काम करणाऱ्या सिस्टर दार लावून घेत हलकेच म्हणाल्या, "सर, तुम्हाला केवढी धाप लागली आहे!"

मी खुर्चीत बसलो होतो. जिना चढून आलो नव्हतो. सवयीने घड्याळाकडे पाहिले आणि मोजू लागलो. मिनिटाला २४. एखाद्या प्रौढ रुग्णाच्या बाबतीत हा आकडा मी दुर्लक्षिला नसता. रक्तदाब पाहिला, तो १५६/९८ निघाला. दुसऱ्या दिवशी फिजिशियन मित्राकडे गेलो. त्याने तपासण्या केल्या, गोळी लिहून दिली आणि विचारले, "शेवटचा निवांत कधी बसला होतास?" मला उत्तर देता आले नाही.

खरे पाहता उत्तर शोधायला मला फार लांब जायचे नव्हते. लहानपणी वडिलांनी मला दांडिया बाजारातील प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात घातले होते. तिथे शेवटी करायचे शवासन म्हणजे आम्हा मुलांना डुलकी काढण्याची हक्काची संधी वाटे. याच परंपरेत आमच्या फार पूर्वी तयार झालेल्या एका विद्यार्थ्याचे नाव पुढे जगभर गेले. डभोईत १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. त्यांनी राजरत्न माणिकरावांकडे शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले आणि नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींकडे योगाचे. आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत, आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने, उड्डियान बंध आणि नौली यांचे शरीरावर होणारे परिणाम तपासले. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक निघाले. श्रद्धा असूनही मोजून पाहण्याचा त्यांचा आग्रह होता. आपल्याच गावात शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेली ही दृष्टी मला माझ्या श्वासाच्या निमित्ताने नव्याने भेटली.

श्वास आणि मन यांचा संबंध समजून घेण्यासाठी मला पुस्तक उघडावे लागले नाही. स्टेथोस्कोप पुरेसा होता. निरोगी शाळकरी मुलाच्या छातीवर तो ठेवला, की श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात, हे स्पष्ट ऐकू येते. नवख्या डॉक्टरला हा हृदयविकार वाटतो. पालकांना 'हे अगदी नैसर्गिक आहे' असे आम्ही रोज समजावतो. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरील लगाम आवळला जातो, घेताना सैल होतो. वय वाढते तसा हा चढउतार कमी होत जातो. आपण हृदयाला 'शांत हो' असा हुकूम देऊ शकत नाही. परंतु निःश्वास लांबवणे आपल्या हातात असते. प्राणायामाच्या पुष्कळशा गूढाचे दार या साध्या शरीरक्रियेने उघडते.

२००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास मला फार आवडतो. संशोधकांनी २३ निरोगी प्रौढांना लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावले. दोहोंच्या वेळी श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील झाली. संध्याकाळी देवापुढे एका लयीत स्तोत्र म्हणणारी माझी आजी तेव्हा मला आठवली.

मी सुरुवात अगदी साधी केली. सकाळी दहा मिनिटे ताडासन, भुजंगासन, पवनमुक्तासन अशी सोपी आसने. नंतर दहा मिनिटे चार सेकंद श्वास आत आणि सहा सेकंद बाहेर. श्वास रोखायचा नाही, जोर लावायचा नाही. पहिले पंधरा दिवस मन दवाखान्यातच फिरत होते. पुढे एक युक्ती सापडली. दोन रुग्णांच्या मध्ये हाताला जंतुनाशक चोळायला वीस-तीस सेकंद लागतात. तेवढ्यात दोन-तीन दीर्घ श्वास बसतात. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागला नाही. काही महिन्यांनी सिस्टरांनी पुन्हा एकदा शेरा मारला, "सर, हल्ली तुम्ही आयांचं ऐकून घेता." रक्तदाबाची गोळी आजही चालू आहे, हेही प्रांजळपणे नमूद करतो. योगाने ती सुटली नाही. माझा आवाज मात्र खाली आला.

येथे लेख संपता, तर तो सुखाचा झाला असता. पण आपल्याला गुण आलेले औषध सर्वांना द्यावेसे वाटणे, हा माणसाचा जुना रोग आहे. मीही जो दिसेल त्याला प्राणायाम सांगू लागलो.

काही वर्षांनी एक आई दीड महिन्याच्या बाळाला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बाळाचे वजन उत्तम वाढत होते. तिची झोप उडाली होती, चेहरा ओढलेला होता. ती म्हणाली, "मला काहीच जमत नाही. हे बाळ दुसऱ्या कुणाकडे असतं तर बरं झालं असतं." मी हसून म्हणालो, "अगं, पहिलं बाळ आहे, असंच होतं. रोज दहा मिनिटं दीर्घ श्वसन कर, छान वाटेल." तिने मान डोलावली. पुढच्या लसीला बाळाची आजी एकटीच आली. सुनेने जेवण सोडले होते, जगण्यात अर्थ नाही असे बोलून दाखवले होते. घरच्यांनी वेळीच मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले म्हणून निभावले. औषधोपचाराने ती पूर्ण बरी झाली. आज ते मूल शाळेत जाते आणि माझ्या टेबलावरची पेने पळवते.

मी तिला सांगितलेला उपाय वाईट नव्हता. तो सांगून मी पुढचा प्रश्न विचारायचे टाळले, हे वाईट होते. तिच्या तोंडून निघालेले वाक्य हे लक्षण होते. मी त्याला तक्रार समजलो. प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी १९८७ पासून दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली उपलब्ध आहे. तिला पाच-सात मिनिटे लागतात. बाळाच्या लसीच्या निमित्ताने आई आमच्याकडे हमखास येते; तरी 'बाळ कसे आहे?' एवढेच विचारून आम्ही थांबतो. आता माझ्या टेबलावर ती प्रश्नावली असते, आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीचा दहावा प्रश्न मी कधीही गाळत नाही.

शास्त्रीय पुरावाही असेच तारतम्य शिकवतो. अतिचिंतेच्या विकारावर अमेरिकेत २२६ प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनंतर ताणाविषयीच्या नुसत्या शिक्षणापेक्षा कुंडलिनी योगाने अधिक जणांना गुण आला. परंतु विचार व वर्तन यांवर आधारित मानसोपचाराची बरोबरी योगाला साधली नाही, आणि सहा महिन्यांनंतर त्याचा लाभ टिकलेला दिसला नाही. योग उपयोगी आहे, त्याची जागा मात्र उपचाराच्या शेजारी आहे. गर्भवतींनी आणि ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही अशांनी कपालभाती, भस्त्रिका यांसारख्या जोरकस क्रिया टाळाव्यात, हेही आपणच सांगायला हवे. डोळे मिटून बसल्यावर ज्याची अस्वस्थता वाढते, त्याला आग्रह करू नये.

मित्रहो, शेवटी आपल्याविषयी. दोन आठवडे सतत उदास वाटणे, झोप न लागणे, कशातच रस नसणे, ही लक्षणे रुग्णात दिसली तर आपण तत्काळ चिठ्ठी लिहितो. स्वतःत दिसली तर 'कामाचा ताण आहे' म्हणून मोकळे होतो. आपल्यापैकी कुणी मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्याची पायरी चढला, तर आपण आवाज खाली आणून बोलतो, ही खेदाची गोष्ट आहे. 'टेलिमानस'ची १४४१६ ही मोफत राष्ट्रीय सेवा २०२२ सालापासून सुरू आहे. ती डॉक्टरांसाठी नाही, असे कुठेही लिहिलेले नाही.

तेव्हा माझी विनंती लहानशी आहे. आज रात्री शेवटचा रुग्ण गेल्यावर घड्याळ समोर ठेवा आणि एक मिनिट स्वतःचा श्वास मोजा. जास्त भरला तर उद्या सकाळी वीस मिनिटे स्वतःसाठी काढा. आणि श्वास मोजताना लक्षात आले, की आत काहीतरी श्वासापलीकडचे दुखते आहे, तर आपल्याच एखाद्या सहकाऱ्याचे दार वाजवा. रुग्ण होण्यात कमीपणा नाही. तो अनुभव घेतल्यानंतरच मी, मला वाटते, थोडा बरा डॉक्टर झालो.