दहा टक्के कशातून कमी झाले?

मंडईत कोथिंबिरीची जुडी दहाला म्हटली की आपण सातला मागतो. सातला मिळाली तरी वर दोन मिरच्या टाकायला लावतो. पण औषधाच्या दुकानात? चिठ्ठी पुढे करतो, पिशवी घेतो आणि सांगतील तेवढे पैसे मोजतो. ‘ताई, दहा टक्के कमी केलेत हं,’ असं दुकानदार म्हणाला की उलट बरंच वाटतं. मैत्रिणींनो, ते दहा टक्के कशातून कमी झाले, हे कधी विचारलंय?

मी राहते शिरूरला, माहेर दौंडचं. न्हावरा, चौफुला करत महिन्या-दोन महिन्यांनी आईकडे फेरी असते. आईला बीपी आणि शुगर. मागच्या खेपेला तिचा औषधांचा डबा आवरायला घेतला, तर महिना संपत आला तरी पाकिटं निम्मी भरलेली. विचारलं तर म्हणते, “अगं, एवढी महागाची गोळी. एक दिवसाआड घेते. काही होत नाही.” शेजारच्या मावशीही तसंच करतात म्हणे! बीपीची गोळी अशी मनाने चुकवली तर काय होतं, हे ज्यांच्या घरात कुणाला झटका आलाय त्यांना विचारा. म्हणून मी या किमतीच्या मागेच लागले.

माझ्या जाऊबाईंचा भाऊ बरीच वर्षं औषधाच्या दुकानात कामाला होता. त्याने सगळं उलगडून सांगितलं. औषधावरचा पेटंटचा हक्क संपला की कुठलीही कंपनी परवाना घेऊन ते बनवू शकते. तेच जेनेरिक. आपल्याकडे त्याचे दोन मार्ग झालेत. एकाच्या पाकिटावर कंपनी स्वतःचं नाव चढवते आणि ते डॉक्टरांनी लिहावं म्हणून प्रतिनिधी पाठवते. दुसऱ्यासाठी कुणी फिरत नाही, तो माल थेट दुकानदाराला स्वस्तात मिळतो. काही वेळा दोन्ही एकाच कंपनीचे असतात.

“पण ताई, स्वस्त मिळतो तो दुकानदाराला. पाकिटावरची किंमत मोठीच असते,” तो म्हणाला. समजा दुकानाला पाकीट पंधरा रुपयांना पडलं आणि छापील किंमत आहे नव्वद. त्याने तुम्हाला साठला दिलं, तर तुम्ही तीस वाचले म्हणून खूश आणि तो पंचेचाळीस कमावून खूश. नव्वदवर दहा टक्के सोडले, तर बघायलाच नको.

मग कायदा काय करतो? ‘औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३’ आहे. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत जी औषधं आहेत, त्यांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवतं. ज्यांचा बाजारातला वाटा निदान एक टक्का आहे, अशा कंपन्या दुकानदाराला जो भाव लावतात त्याची सरासरी काढायची आणि वर १६ टक्के दुकानदाराचे धरायचे. दर एप्रिलला महागाईप्रमाणे ती बदलते. २०२३ मध्ये १२ टक्क्यांनी वाढली होती, २०२४ मध्ये जवळपास काहीच नाही. यादीबाहेरच्या औषधांची किंमत साधारणपणे कंपनीच ठरवते, फक्त वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही.

खरी मेख त्या १६ टक्क्यांत आहे. ते फक्त हिशेबात धरलेले. पंधराला पडलेलं पाकीट कमाल किमतीच्या आत कितीलाही विकलं तरी कायदा मोडत नाही! २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानेही औषधं महाग असण्याचं मोठं कारण म्हणून मधल्या नफ्याकडेच बोट दाखवलं. आणि मनावर घेतलं तर हे जमतं. २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवर मधला नफा ३० टक्क्यांपर्यंतच, असं सरकारने ठरवलं आणि किमती उतरल्या. रोजच्या साध्या गोळ्यांना मात्र अशी सरसकट मर्यादा नाही. दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत सिप्ला, एमक्युअरसारख्यांचे कारखाने आहेत. औषधाचं माहेर उंबऱ्याशी, आणि गोळी दिवसाआड!

सगळं खापर दुकानदारावर फोडणं मला पटत नाही. गाळ्याचं भाडं, फार्मासिस्टचा पगार, फ्रिजची वीज त्यालाही आहेच. त्याला मिळतं ते किमतीच्या हिश्शातून. वीस रुपयांच्या पाकिटावर २० टक्के म्हणजे चार रुपये, मग तो मोठ्या छापील किमतीचा मालच पुढे करणार. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा जेनेरिकचा दर ठरवून तेवढेच पैसे दुकानाला देते, आणि औषध दिल्याची फी वेगळी. तिथे पाकीट महाग म्हणून ते खपवण्यात दुकानदाराला विशेष फायदा नाही. आपल्याकडे बहुतेकींना खिशातूनच द्यायचे असतात, म्हणून हे आपल्यालाच बघावं लागतं.

आईच्या डॉक्टरांना मी सरळ सांगितलं, परवडत नाही म्हणून ती गोळ्या चुकवतेय. त्यांनी कुरकुर न करता औषधाचं मूळ नाव लिहून दिलं. हे आधी करावं लागतं, कारण चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर दुकानदाराला परस्पर दुसरं देता येत नाही, तसा नियमच आहे. मग जनऔषधी केंद्रातून घेतलं. ही योजना २००८ मध्ये सुरू झाली. तिथे छापील किंमतच कमी असते आणि केंद्रचालकाचा वाटा त्या किमतीच्या २० टक्के. आता आई रोज गोळी घेते. महिन्याच्या खर्चात बराच फरक पडला. मात्र मनाने गोळी बदलू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

दुकानात गेल्यावर पाकिटावरचं मूळ नाव वाचा. २०१८ पासून ते कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावं लागतं. सुट्या गोळ्या घेतल्या तर पाकिटाच्या किमतीच्या प्रमाणातच पैसे द्यायचे, जास्त घेता येत नाहीत. दरपत्रक दुकानात दिसेल असं लावणं बंधनकारक आहे, नसेल तर मागा. बिल घ्याच, त्याशिवाय तक्रार टिकत नाही. जास्त पैसे घेतले तर प्राधिकरणाचा मोफत दूरध्वनी आहे, १८०० १११ २५५. तो डब्याच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवा.