डाउनलोडची सावड : एका दशकाचा मागोवा

संगणकावरचा खेळ पेटीत बंद होऊन दुकानाच्या फळीवर यावा, गिऱ्हाइकाने तो रोख मोजून घरी न्यावा आणि तेवढ्यावर कर्त्याचा व घेणाऱ्याचा संबंध संपावा, हा शिरस्ता विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बिनतक्रार चालला होता. परंतु हजारो माणसे एकाच कल्पित जगात एकत्र वावरतात असे ऑनलाइन खेळ आले, आणि खेळ विकला म्हणजे व्यवहार पुरा झाला ही समजूत टिकेनाशी झाली. अशा जगात दुरुस्ती करायची, तर ती सर्वांच्या संगणकांवर जवळजवळ एकाच वेळी पोहोचावी लागते. ज्याच्याकडे ती पोहोचली नाही, त्याला त्या जगाचा दरवाजा बंद. हा एवढा बोजा वाहायचा कोणी, या प्रश्नाला २००४ पासूनच्या सुमारे दहा वर्षांत काही कंपन्यांनी असे उत्तर दिले, की खेळणाऱ्यांनीच तो एकमेकांना पोहोचवावा. त्या उत्तराचा उदय, त्याचा उत्कर्ष आणि त्याचे मागे पडणे यांत पुढील काळासाठी घेण्याजोगे पुष्कळ आहे.

त्यापूर्वीची रीत एका सर्व्हरने सर्वांना देण्याची होती, आणि तिच्यात एक अंगभूत दोष होता : मागणी जितकी मोठी, तितका देणाऱ्याचा खर्च अधिक आणि घेणाऱ्याचा वेग कमी. ‘फाइलप्लॅनेट’सारख्या ठिकाणी खेळाचा नमुना फुकट मागणाऱ्याला रांगेत क्रमांक मिळे व तिष्ठत बसावे लागे, वर्गणीदारांना मात्र त्या रांगेतून सुटका असे. लोकप्रियतेचे रूपांतर अडचणीत करणारी ही व्यवस्था ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रॅमरने जुलै २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बिटटॉरेंट’ने मुळापासून पालटली. फाइलचे लहान लहान तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याची गणिती ओळख, म्हणजे हॅश, आधीच नोंदवून ठेवावी. ज्याला जो तुकडा मिळाला त्याने तो पुढच्याला देण्यास तत्काळ आरंभ करावा. आणि आलेला तुकडा नोंदलेल्या ओळखीशी जुळला नाही, तर तो निःशंकपणे टाकून द्यावा, अशी ही योजना होती. तीत देणाऱ्याच्या सचोटीवर विसंबण्याचे कारण उरत नाही, कारण तुकड्याची सत्यता घेणारा स्वतःच पडताळून पाहतो.

या योजनेचे खरे मर्म तिच्या न्यायबुद्धीत आहे. जो आपल्याला देतो त्याला आपण आधी द्यावे, हा तिचा मुख्य नियम. जो तुकडा समूहात सर्वांत दुर्मीळ तो आधी मागावा, म्हणजे एखादा संगणक निघून गेला तरी फाइल अपुरी राहत नाही, हा दुसरा. आणि ज्याच्यापाशी देण्यास अद्याप काहीच नाही अशा नवागताला उपाशी ठेवू नये म्हणून साधारण दर तीस सेकंदांनी कोणा एकाला निरपेक्षपणे देऊन पाहावे, हा तिसरा. आपल्याकडे शेतकरी पेरणी-कापणीला सावड करतात; आज माझ्या शेतात तुझे बैल, उद्या तुझ्या शेतात माझे. तोच व्यवहार येथे परस्परांचे तोंडही न पाहिलेल्या लक्षावधी यंत्रांमध्ये क्षणाक्षणाला घडू लागला, आणि मागणी वाढली की पुरवठाही आपोआप वाढू लागला.

खेळांच्या धंद्याला या शोधाचे महत्त्व लवकर उमगले. ‘स्टीम’ ही विक्रीव्यवस्था सुरू करणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने खुद्द कोहेन यांना काही काळ नोकरीस ठेवले. परंतु स्टीमने पुढे आपल्याच सर्व्हरांचा मार्ग पत्करला, आणि बिटटॉरेंट घराघरांत नेण्याचे काम ब्लिझर्ड या खेळ बनविणाऱ्या कंपनीने केले. २३ नोव्हेंबर २००४ रोजी तिचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ उत्तर अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, ‘ब्लिझर्ड डाउनलोडर’ या कार्यक्रमाच्या द्वारे बिटटॉरेंटच्याच पद्धतीने वाटल्या जाऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये या खेळाच्या वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेली. ज्या तंत्राचे नाव न्यायालयांत व वृत्तपत्रांत केवळ चोरीच्या संदर्भात घेतले जात होते, तेच तंत्र एक प्रतिष्ठित कंपनी स्वतःचा माल स्वतःच्या ग्राहकांना पोहोचविण्यासाठी उघडपणे वापरीत होती; साधन आणि त्याचा दुरुपयोग या दोहोंतील भेद याहून स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाला असेल.

त्या डाउनलोडरच्या लहानशा खिडकीत येणारा वेग दिसे, जाणारा वेग दिसे, आणि पीअर-टू-पीअर, म्हणजे संगणकांची परस्परांतील, देवघेव चालू ठेवण्याची एक चौकट असे. फायरवॉल आड आली तर वेग मंदावे, म्हणून राउटरमध्ये ६८८१ ते ६९९९ आणि ३७२४ हे पोर्ट उघडण्याचा खटाटोप करावा लागे. भारतात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस ही किमान गती ठरविली होती; त्या गतीने १ जीबीचा पॅच उतरण्यास नऊ तास लागत, आणि रात्री दोन ते सकाळी आठ एवढीच मोकळीक देणाऱ्या बीएसएनएलच्या योजनेत त्यासाठी एक रात्र पुरत नसे. ज्या जोडणीवर घेतलेले व दिलेले दोन्ही मर्यादेत धरले जाई, तेथे तर दुसऱ्याला दिलेल्या प्रत्येक तुकड्याचा हिशेब खेळणाऱ्याच्याच नावे पडे.

हाच हिशेब पुढे कलहाचे मूळ ठरला. केबलवरील जोडण्यांत पाठविण्याची क्षमता मुळातच तोकडी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटलेली; त्यामुळे कॉमकास्ट या अमेरिकन कंपनीने बिटटॉरेंटची संभाषणे मध्येच बनावट संकेत पाठवून तोडल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले. तेथील दूरसंचार आयोगाने ऑगस्ट २००८ मध्ये कंपनीविरुद्ध हुकूम दिला, आणि एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने आयोगाला तसा अधिकार नाही म्हणून तो रद्द केला. कॅनडात रॉजर्स कंपनीच्या वाहतूक-नियंत्रणाने खुद्द वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा खेळच मंदावत असल्याची तक्रार खेळाडूंनी नियामकाकडे नेली, आणि २०११ मध्ये कंपनीला तसे कबूल करावे लागले. खेळाच्या कंपनीने वाचविलेला खर्च नाहीसा झाला नव्हता. तो ग्राहकाच्या आणि जोडणी पुरविणाऱ्याच्या माथी गेला होता.

तंत्राचा दुसरा घात त्याच्या काही पुरस्कर्त्यांनी केला. ‘लीग ऑफ लेजंड्स’ आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ यांच्या वाटपासाठी ‘पँडो मीडिया बूस्टर’ हा कार्यक्रम वापरला जाई. तो खेळाबरोबर संगणकावर येऊन बसे, पडद्याआड अपलोड करीत राही, आणि खेळ काढून टाकला तरी स्वतः मागे राही. २०१३ मध्ये पँडोची सेवा बंद पडली, तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दरम्यान सर्व्हरजाळ्यांवरून, म्हणजे सीडीएनवरून, माल पाठविण्याचा दर उतरत गेला होता; जी काटकसर २००४ मध्ये अपरिहार्य होती, तिची निकड उरली नाही, आणि ब्लिझर्डनेही कालांतराने ही पद्धत सोडून दिली.

तथापि कल्पना मेली नाही. ‘हम्बल बंडल’ने खेळ विकताना साध्या डाउनलोडच्या शेजारी टॉरेंटचाही पर्याय ठेवला, निवड घेणाऱ्याची. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर अद्ययावत फाइली परस्परांकडून घेण्याची सोय आणली, परंतु घरगुती आवृत्तीत ती न विचारताच इंटरनेटवरील परक्या संगणकांसाठीही चालू ठेवली, आणि रोष ओढवून घेतला. स्टीमने २०२३ मध्ये एकाच घरातील एका संगणकावरून दुसऱ्यावर खेळ उतरविण्याची मुभा दिली. तेथे कोणाला द्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे अशी व्यवस्था असल्याने तिचे स्वागत झाले.

या साऱ्याचा इत्यर्थ माझ्या मते असा, की पीअर-टू-पीअर वाटप हरले ते गणितात नव्हे. गणित त्याचे निर्दोषच होते. कोहेन यांच्या मूळ योजनेत जो देतो त्याला त्याचा मोबदला तत्काळ अधिक वेगाच्या रूपाने मिळत असे, आणि देणारा जाणूनबुजून देत असे. कंपन्यांनी यंत्रांमधील हा न्याय जसाच्या तसा उचलला, पण माणसाशी करावयाचा करार मात्र लांबलचक करारनाम्याच्या एखाद्या कलमात पुरून ठेवला. आज एकेक खेळ १०० जीबीच्या पलीकडे गेला आहे, आणि सामायिक वाटपाची गरज पुन्हा भासू लागेल अशी चिन्हे आहेत. तसा प्रसंग आला, तर खेळणाऱ्याला आधी स्पष्ट विचारावे, त्याने किती दिले याचा आकडा त्याच्यापुढे ठेवावा, आणि त्याच्या जोडणीचा जो भाग वापरला त्याची भरपाई त्याला करून द्यावी. एवढे पथ्य पाळले, तर लक्षावधी माणसांचे परस्परसाहाय्य ही इंटरनेटने निर्माण केलेली एक अत्यंत उदात्त शक्ती पुन्हा उभी राहण्यास काहीच प्रत्यवाय नाही.