पाठविलेल्या ईमेलची स्थळप्रत

कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राची जावक बारनिशीत नोंद करून त्याची स्थळप्रत दफ्तरी ठेवण्याचा शिरस्ता आपल्याकडे जुना आहे; परंतु आपण स्वतः लिहिलेल्या ईमेलची, जी पुष्कळदा आपल्या विचाराचे सर्वांत स्वच्छ विवेचन असते, अशी व्यवस्था क्वचितच होते. 'सेंट' कप्प्यात ती राहते खरी, पण विषयाच्या संदर्भापासून तुटून, केवळ तारखेच्या अनुक्रमाने.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली प्रसृत केलेल्या 'ग्नू ईमॅक्स' या टेक्स्ट एडिटरमध्ये याची उत्तम तजवीज आहे. पत्राच्या शिरोभागी 'एफसीसी' अशी ओळ घालून तिच्यापुढे फाइलचे नाव लिहिले, की पत्र रवाना होताना त्याची नक्कल तेथे दाखल होते. याहून मोलाची सोय म्हणजे पत्र गेल्याबरोबर आपण नेमून दिलेले काम आपोआप करणारा 'मेसेज-सेंट-हुक'. त्यास एक लहानशी आज्ञावली जोडली असता, वर विषय, खाली दिनांक, ज्यास पत्र धाडले त्याचे नाव आणि मजकूर, अशी नोंद कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये आरंभिलेल्या 'ऑर्ग मोड'च्या टिपणवहीत, संबंधित प्रकरणाखालीच उमटविता येते. 'मेसेज-आयडी' मात्र अवश्य टिपून ठेवावा, कारण येणारे उत्तर सामान्यतः त्याचाच हवाला देते आणि त्यावरून दोहोंची रुजवात घालता येते.

जोडपत्रांची केवळ नावे पुरेत. गुप्त लिपीत धाडलेल्या पत्राची उघडी प्रत मात्र टिपणवहीत मुळीच ठेवू नये.