भाजणी : चकलीची आणि चिनी मातीची

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात 'भाजणी' या शब्दाला एकच अर्थ असे. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची, हे प्रमाण आमच्या मातोश्रींनी मोठ्याने म्हटले की समजावे, फराळाचा मुहूर्त लागला. गेल्या दोन वर्षांत मात्र या शब्दाने घोटाळा करून ठेवला आहे. "भाजणी कशी झाली?" असे शेजारच्या वहिनींनी विचारले, तर आधी खुलासा करून घ्यावा लागतो. कुणाची? आजीची की नातीची?

नात म्हणजे आमची कन्या. बी. कॉम. झालेली, चार वर्षे एका कचेरीत बऱ्या पगारावर नोकरी केलेली. एके दिवशी रात्री जेवताना तिने सांगितले, की नोकरी सोडून ती मातीची भांडी करायला शिकणार आहे. सौभाग्यवतींच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. मी, कोणताही मध्यमवर्गीय बाप जे विचारील तेच विचारले, "शिकून करणार काय?"

"बशा," ती म्हणाली.

पुण्याबाहेर, मुळशीच्या रस्त्याला एका बाईंची कार्यशाळा आहे. तिथे ती रोज सकाळी डबा घेऊन जाऊ लागली आणि संध्याकाळी कोपरापर्यंत माखून परत येऊ लागली. पहिले दोन महिने तिने घरी एकही भांडे आणले नाही. मला वाटले, मुलगी लपवते आहे. एका रविवारी मी मुद्दाम बघायला गेलो, तेव्हा कळले की लपवण्यासारखे तिच्यापाशी काही नव्हतेच. दोन महिने ती फक्त माती मळत होती आणि मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर बसवत होती.

वाचकहो, हे मध्यावर बसवणे म्हणजे काय, ते हात घातल्याशिवाय कळायचे नाही. मी घातला. चाक विजेवर फिरते, तेव्हा पायांना कष्ट नाहीत. गोळा चाकावर थापायचा, डावे कोपर मांडीला टेकवायचे आणि ओल्या तळव्यांनी माती दाबून धरायची. हात जरा डगमगला की गोळा डगमगतो, आणि डगमगत्या गोळ्यातून उभे केलेले भांडे एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. पाच मिनिटांत माझ्या सदऱ्यावर, चष्म्यावर आणि भिंतीवर माती होती. चाकावर फारच थोडी उरली होती.

माती मळण्याचेही तसेच. आत हवेचा बुडबुडा किंवा खडा राहता कामा नये. कणीक मळतो तशी, पण सगळ्या अंगाचा भार देऊन. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. भजनाच्या नादात माती तुडवताना स्वतःचे मूल पायाखाली आले तरी त्यांना कळले नाही. त्या कथेतली भक्ती मला ठाऊक होती; माती तुडवणे हे माणसाला एवढे गुंतवून टाकणारे काम आहे, हे मात्र त्या रविवारी समजले.

मग वाट्या आल्या, मग कप, मग थाळ्या. माझी समजूत अशी की उंच सुरई कठीण आणि सपाट थाळी सोपी. खरा प्रकार उलटा आहे. थाळीचा तळ नीट दाबून घट्ट केला नाही, तर वाळताना मधोमध तडा जातो. कडा आधी वाळल्या आणि तळ मागे राहिला, तर थाळी पापडासारखी वाकते. म्हणून ती झाकून, उलटीपालटी करून, हळूहळू वाळवायची. शिवाय माती आकसते ती वेगळीच. ओली असताना नऊ इंचांची थाळी दोन्ही भाजण्या होऊन बाहेर येते, तेव्हा जेमतेम आठ इंचांची असते. कपाचा कान लावायचा तर कान आणि कप दोन्ही सारखेच ओलसर हवेत. नाहीतर सुकल्यावर कान हातात येतो आणि कप टेबलावर राहतो. आमच्या घरी असे बिनकानाचे सात कप आहेत. माझे पेन, पेन्सिली, औषधांच्या गोळ्या आणि लायटीची बिले त्यांत असतात.

भाजायचे दोनदा. पहिली भाजणी हजार अंश सेल्सिअसच्या आतबाहेर. सुरुवात अगदी मंद. कारण मातीत ओल राहिली आणि ती शंभर अंशांना एकदम वाफ झाली, तर भांडे भट्टीतच फुटते, आणि शेजारच्यांनाही घेऊन जाते. पुढे पाचशे त्र्याहत्तर अंशांना मातीतल्या गारगोटीचे कण एकाएकी फुगतात आणि थंड होताना त्याच जागी आकसतात. तिथे घाई केली की तडा. या भाजणीतून निघालेले भांडे कुंडीसारखे असते, पाणी शोषणारे. आपला माठ असाच सच्छिद्र असतो म्हणून पाणी गार करतो. पण वरणाची वाटी वरण पिऊ लागली तर कसे चालेल? म्हणून त्यावर झिलईचा रबडा चढवायचा आणि बाराशे ते तेराशे अंशांच्या दरम्यान पुन्हा भाजायचे. तेवढ्या उष्णतेत माती आतून घट्ट मिटते आणि झिलईची काच होते.

ही झिलई कशाची, तर दगडांची. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराचे 1940 साली निघालेले 'ए पॉटर्स बुक' जगभरचे विद्यार्थी वाचतात. त्याच्या नावाने चालत आलेली एक साधी झिलई कन्येने स्वयंपाकघरात बसून आजीला सांगितली : फेल्स्पार चाळीस भाग, गारगोटी तीस, खडूची पूड वीस, चिनी माती दहा.

"म्हणजे भाजणीच की गं," आमच्या मातोश्री म्हणाल्या. "आणि मोहन जास्त झालं तर?"

"वितळून खाली ओघळते. भांडं भट्टीच्या फळीला चिकटून बसतं."

"अनारसा हसतो, तसं."

त्या दिवसापासून आजी नातीच्या पक्षात गेली. तसे पाहिले तर हे आश्चर्यच, कारण माझ्या लहानपणी चिनी मातीच्या कपबशीला आमच्या स्वयंपाकघरात मज्जाव होता. त्या बाहेरच्या फडताळात असायच्या, आणि सोवळ्यातल्या माणसाने त्यांना हात लावायचा नाही. लोणच्याच्या बरण्यांना मात्र कसे कोण जाणे, सगळे माफ!

आपल्याकडे स्वतंत्रपणे असे काम करणाऱ्यांची परंपरा फार जुनी नाही. सरदार गुरुचरण सिंग 1919 साली जपानला जाऊन हे शिकून आले आणि पुढे दिल्लीत त्यांनी आपली कार्यशाळा चालवली. पुदुच्चेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडप्याने 1971 मध्ये 'गोल्डन ब्रिज पॉटरी' सुरू केली, तिथे शिकलेली माणसे आज देशभर चाके फिरवीत आहेत. कारखान्यांचे गाव म्हणाल तर उत्तर प्रदेशातले खुर्जा. खुर्ज्याची बशी बाजारात जेवढ्याला मिळते, तेवढ्यात आमच्या कन्येची नुसती माती आणि गॅसही भागत नाही. हे गणित मी तिला अनेकदा सांगितले आहे. तीही दरवेळी शांतपणे ऐकून घेते.

तर अशा वेळी, गेल्या वर्षी पावसाळ्यात, तिला पहिले मोठे काम मिळाले. ओळखीच्या एका कुटुंबात वास्तुशांत होती. घरच्या बाईंनी तिच्या हिरव्या वाट्या पाहिल्या आणि छत्तीस वाट्या सांगितल्या. निम्मे पैसे आगाऊ दिले. ते आले त्या दिवशी मी मनातल्या मनात तिला माफ केले, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या जुन्या मित्रांना फोन करून सांगितलेही.

वाट्या झाल्या. सुरेख झाल्या होत्या. शेवाळासारखा मऊ, न चकाकणारा हिरवा रंग. हा रंग तांब्याचा. झिलईत तांब्याचा क्षार घालून, भट्टीत हवा मोकळी ठेवून भाजले की हिरवा उतरतो. रंग गडद यावा म्हणून तिने तांबे सढळ हाताने घातले होते आणि चकाकी मरावी म्हणून गारगोटी कमी केली होती. द्यायला चार दिवस होते. आजीला कौतुकाने एक वाटी दिली, आणि आजीने कौतुकाने तीत रात्री लिंबाच्या लोणच्याची फोड काढून ठेवली.

सकाळी वाटी धुतली तर फोड होती तिथे फिक्कट डाग. घासला, गेला नाही. आजीने वाटी खिडकीपाशी नेली, बोट फिरवले आणि नातीला हाक मारली.

"अगं, हे कळकतंय!"

ज्यांच्या घरी पितळेची भांडी होती त्यांना हा शब्द सांगायला नको. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार राहिले की ते कळकते. तांबे आंबटात उतरते. झिलईचेही तेच होते. तिच्या काचेत मावेल एवढेच तांबे ती धरून ठेवते. जास्त झाले, आणि धरून ठेवणारी गारगोटी कमी पडली, की उरलेले आंबटाबरोबर निघून येते. कन्येने उरलेल्यांपैकी तीन वाट्यांत व्हिनेगर घालून ठेवले. दुसऱ्या दिवशी तिन्ही आतून फिकटल्या होत्या.

आता मी जे बोललो ते लिहायला मला आनंद होत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "वाटीत रात्रभर लोणचं कोण ठेवतं? त्या श्रीखंड घालतील, खीर घालतील. जेवणाला अर्धा तास लागतो. सांगायलाच हवं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, त्यांच्याकडे लहान मूल आहे."

तिने माझ्यासमोरच फोन लावला. त्या बाईंना रागही आला आणि अडचणही झाली. चार दिवसांवर कार्य, त्यांनी बाजारातून वाट्या आणल्या. आगाऊ पैसे परत करायचे होते आणि त्यांतले बरेचसे माती-गॅसमध्ये गेले होते. मी पाकीट काढले. "कर्ज म्हणून द्या," ती म्हणाली, आणि वहीत लिहून ठेवले. ती वही अजून आमच्या कपाटात आहे आणि हप्ते चालू आहेत. पस्तीस हिरव्या वाट्या कार्यशाळेच्या मागे फुटून पडल्या. एक आजीने ठेवून घेतली. तीत ती फुलवाती ठेवते.

मग कन्येने लोखंडाचा हिरवा धरला. चीनमध्ये हजार वर्षांहून अधिक काळ जी फिकट हिरवी भांडी होतात, त्यांचा रंग तांब्याचा नाहीच. झिलईत शेकडा एक-दोन भाग लोखंडाची पूड घालायची आणि भट्टी ऐन भरात आली की धुराड्याची झडप थोडी लावून आग गुदमरवायची. जळायला हवा अपुरी पडली की आग लोखंडातला प्राणवायू ओढून घेते आणि तांबूस गंज हिरवा होतो. हवा जास्त शिरली तर तोच रंग पिवळट उतरतो. एकाच भट्टीत, एकाच रबड्यातून, दोन्ही निघू शकतात.

त्या भाजणीच्या रात्री मी तिथे होतो. पहाटे पेटवलेली भट्टी संध्याकाळी नारिंगी झाली होती. झडपेपाशी विटांतून जिभेएवढी ज्वाळा बाहेर डोकावत होती. आत तीन लहान शंकू ओळीने उभे. जर्मनीत सेगर नावाच्या रसायनज्ञाने 1886 च्या सुमारास काढलेली ही युक्ती. ठराविक उष्णता लागली की शंकू मान टाकतो. पहिला इशाऱ्याचा, दुसरा हवा तो, तिसरा पडला तर भट्टी हाताबाहेर गेली. काळा चष्मा लावून ती दर थोड्या वेळाने भोकातून बघत होती. साडेनवाला पहिला वाकला. दुसऱ्याला दहा वाजून गेले. तिसरा उभा असतानाच तिने गॅस बंद केला, झडप लावली आणि जमिनीवरच बसली.

खरी परीक्षा यापुढची. उघडायचे नाही. दीड दिवस! गरम भांड्याला गार वारा लागला की टिंग असा आवाज येतो, आणि तो आवाज ऐकायला फार गोड असला तरी भांडे गेलेले असते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणालो, जरा फट करून बघू या. बाई आणि विद्यार्थिनी दोघीही माझ्याकडे अशा बघू लागल्या, की मी बाहेर जाऊन वर्तमानपत्र वाचत बसलो.

अठ्ठेचाळीस वाट्या ठेवल्या होत्या. चार फळीला चिकटल्या. तीन वाकड्या झाल्या. झडपेजवळच्या सहा पिवळट उतरल्या. पस्तीस हिरव्या होत्या, कैरीच्या सालीच्या आतला असतो तसा हिरवा. प्रत्येक वाटी तिने बोटाच्या पेराने वाजवून पाहिली. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून कच्चे-पक्के ठरवले होते ना, तशी. एक बद्द वाजली, ती बाजूला गेली. राहिल्या चौतीस. त्यांतल्या दोन प्रयोगशाळेत गेल्या, कारण डाग पडला तर झिलई वाईट हे नक्की, पण डाग पडला नाही म्हणून ती चांगलीच असते असे नाही. अहवाल यायला तीन आठवडे लागले. तो चांगला आला.

बत्तीस वाट्या आणि अहवालाची प्रत घेऊन ती त्या बाईंकडे गेली. चार वाट्या कमी आहेत, त्यांनी घेतल्या नाहीत तरी चालेल, असे तिने आधीच सांगितले होते. त्यांनी सगळ्या घेतल्या. मात्र पैसे देण्यापूर्वी त्यांनी स्वयंपाकघरातून अर्धे लिंबू आणून एका वाटीत पिळले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून मग पैसे पाठवले. मातोश्रींना ही गोष्ट इतकी आवडली, की येईल-जाईल त्याला त्या सांगतात.

वाकड्या तीन वाट्या आमच्या घरी आल्या. परवा चकलीची भाजणी दळून आली, तेव्हा त्यांतली एक आजीने मापाला घेतली. वाकडी असली तरी बरोबर पाव शेर मावते म्हणे. दुसरीत मी आता दूधपोहे खातो. एका बाजूने दूध सांडते, म्हणून ती बाजू पलीकडे करून धरावी लागते.