कामगाराचा खांदा दुखावला, तर भरपाई कोण देणार?



समजा, तुमचा मसाला दळायचा छोटा उद्योग आहे. विजेवर चालणारी चक्की, सहा माणसं कामाला. ३५ वर्षांचा एक कामगार हळदीची ५० किलोची गोणी वरच्या फळीवर ठेवायला जातो. गोणी घसरते, तो सावरतो आणि खांद्यात कळ येते. तुम्ही म्हणता, "बाम लाव, उद्या सुट्टी घे." आठ दिवसांनी कळतं, त्याचा हात खांद्याच्या वर जातच नाही. आता खर्च कोणाचा?

खांद्याची इजा फसवी असते

खांदा हा शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा. त्याची खोबण उथळ असते. त्यामुळे त्याला जागेवर धरायचं काम भोवतालचे स्नायू आणि कंडरा करतात. चार स्नायूंच्या या गटाला डॉक्टर 'रोटेटर कफ' म्हणतात. झटका बसला की कंडरा फाटू शकते. रोज हात वर करून काम केलं तर ती हळूहळू झिजते. बाहेरून जखम दिसत नाही आणि फाटलेली कंडरा साध्या एक्स-रेमध्येही दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. म्हणून मालकाला वाटतं, हा नाटक करतोय. वादाची सुरुवात इथेच होते.

कायदा काय म्हणतो?

कामामुळे आणि काम करताना अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी मालकाची. हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे. यात मालकाची चूक होती का, हे सिद्ध करावं लागत नाही. "माझ्याकडे सहाच माणसं आहेत" म्हणूनही सुटका नाही.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर साधारणपणे ईएसआय लागू होतो. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारासाठी मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. मग कामावरच्या इजेचा उपचार आणि सुट्टीच्या काळातला ९० टक्के पगार ईएसआय देतं. मालकावर वेगळा दावा येत नाही. ईएसआय नसेल, तर भरपाई तुमच्या खिशातून.

हिशोब करून बघू

पगार महिन्याला १५,००० रुपये धरू. कामगार तात्पुरता बसून राहिला, तर दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, म्हणजे ३,७५० रुपये. शिवाय उपचाराचा खर्च.

खांद्यात कायमचा दोष राहिला तर पगाराचे ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, गुणिले वयाचा गुणांक. ३५ व्या वर्षासाठी तो १९७.०६ आहे. गुणाकार येतो १७,७३,५४०. कमाईची क्षमता २० टक्के कमी झाली असं डॉक्टरांनी ठरवलं, तर त्याचे २० टक्के, म्हणजे ३,५४,७०८ रुपये. छोट्या धंद्याचं वर्षाचं गणित यात बसू शकतं!

इथे लोक चुकतात

पहिली चूक: पाच हजार हातावर ठेवून "माझी काही तक्रार नाही" असं लिहून घेणं. कामगाराने हक्क सोडल्याचा असा कागद कायद्यापुढे टिकत नाही.

दुसरी चूक: "तो ठेकेदाराचा माणूस आहे." तुमच्या धंद्याचंच काम तुमच्या जागेत करत असेल तर दावा तुमच्यावर येऊ शकतो. नंतर तुम्ही ठेकेदाराकडून वसूल करायचं.

तिसरी चूक: टाळाटाळ. देणं झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत, तर १२ टक्के व्याज आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो.

मग करायचं काय?

१. त्याच दिवशी वहीत नोंद करा: तारीख, वेळ, कोणतं काम चालू होतं, किती वजन होतं, कोणी बघितलं. हळूहळू वाढलेल्या दुखण्यात "हे कामामुळेच का?" हा प्रश्न हमखास येतो. अशा वेळी ही नोंद दोघांच्याही उपयोगी पडते.

२. लगेच डॉक्टरकडे न्या. इजा कामावर झाली, हे केसपेपरवर लिहून घ्या. बिलं जपून ठेवा.

३. ईएसआय लागू नसेल, तर कामगार भरपाईची विमा पॉलिसी घ्या. बाजारात तिला 'डब्ल्यूसी पॉलिसी' म्हणतात. एजंटला दोन गोष्टी विचारा: उपचाराचा खर्च धरलाय का आणि ठेकेदाराची माणसं धरलीत का? बऱ्याचदा या दोन्हींसाठी जादा हप्ता भरावा लागतो. पगाराचे आकडे खरे सांगा. इजा झाली की विमा कंपनीला लगेच कळवा.

४. मुळात इजाच टाळा. ५० ऐवजी २५ किलोच्या गोण्या मागवा. जड माल कमरेच्या उंचीवर ठेवा, वरच्या फळीवर हलका माल. हातगाडी घ्या. दिवसभर एकाच माणसाला वर हात करून काम देऊ नका.

आणि एक लक्षात ठेवा. त्या कामगाराचा खांदा हेच त्याचं भांडवल आहे. तुमची चक्की बंद पडली तर दुरुस्त होते, नवीनही येते. त्याचा हात कायमचा अडकला तर त्याचं घर अडतं. म्हणून नोंदवही आणि पॉलिसी, ही दोन कामं पहिला माणूस कामाला ठेवाल त्याच आठवड्यात करून टाका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत तुमच्या गोदामातली सगळ्यात वरची फळी एकदा बघून या!